वीसच्या स्पीडवर पुढचं चाक निखळलं, असं एकदम कसं होते?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सात वर्षं जुनी हॅचबॅक, ८२,००० किलोमीटर झालेली, दोन आठवड्यांपूर्वीच अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ करून घेतलेली, अन् नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात घराच्या गल्लीत वीसच्या स्पीडनं वळून राहिले होते तर कडाक् असा आवाज आला आणि डावीकडचं पुढचं चाक खालून बाहेर येऊन मडगार्डमध्ये तिरपं घुसलं. मिस्त्री म्हणते खड्ड्यानं झालं, तुम्ही म्हणता तिथं खड्डाच नव्हता, आणि पुढच्या महिन्यात आईवडिलांना घेऊन समृद्धीनं शिर्डीला जायचं ठरलं आहे तर आता गाडीत बसायचीच भीती वाटून राहिली.

पहिले एक सांगतो, हे गल्लीत झालं, हायवेवर नाही, याच्यासाठी देवाला हात जोडा. मी गेली सव्वीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतो, हिंगणा रोडच्या बाजूला, छोट्या गाड्या पण येतात आणि मालाच्या गाड्या पण, आणि "काल संध्याकाळपर्यंत गाडी एकदम ओके होती" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी उलट विचारतो, आवाज कधीपासून येत होता? नव्वद टक्के लोक थोडा विचार करून सांगतात, हो, दोन महिन्यांपासून कुठंतरी कटकट होत होती पण रेडिओ लावला की ऐकू येत नव्हती. तुम्ही विचारलं की अचानक काऊन तुटलं. मी म्हणतो तुटणं एका सेकंदाचं असते पण त्याच्या आधीचं झिजणं कित्येक महिन्यांचं असते, तर तुमच्यासाठी कामाचा प्रश्न हा आहे की ते झिजणं कुठं चालू होतं, कोणाच्या नजरेतून सुटलं, आणि उजव्या बाजूला पण तेच चालू आहे का.

गाडी मी पाहिली नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही, पण चाक कसं पडलं त्याच्यावरून बरंच कळते. दोन्ही पुढची चाकं दोन वेगळ्या दिशांना पाहून राहिली असतील, एक सरळ आणि एक तिरळं, तर टाय रॉडचं, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांडीचं, काम आहे. चाक जागेवरच पण गाडी एका कोपऱ्यातून खाली बसलेली असेल तर स्प्रिंग तुटली किंवा वरचं शॉकअपचं माउंटिंग गेलं. आणि चाक वरून आत, खालून बाहेर, टायर मडगार्डला घासलेलं, जसं तुम्ही लिहिलं आहे, तर तो लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी हाताचा, बॉल जॉइंट निघालेला आहे, किंवा तो जॉइंट ज्या बोल्टनं धरलेला असते तो बोल्ट गेला. आता पुढचं सगळं मी बॉल जॉइंट धरूनच लिहितो, मिस्त्रीनं दुसरं काही सांगितलं तर मग हिशोब बदलेल.

बॉल जॉइंट म्हणजे काय, तर आपल्या खुब्याच्या सांध्यासारखी वाटीत बसवलेली स्टीलची गोटी. गोटीला एक दांडी असते ती चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या लोखंडी भागाला, जाते, वाटी लोअर आर्मला असते, मधात प्लास्टिकचं अस्तर, ग्रीस, आणि वरून रबराची टोपी. चाक वर-खाली पण झालं पाहिजे आणि स्टेअरिंगनं वळलं पण पाहिजे, दोन्ही एकाच सांध्यावर, म्हणून ही गोटी. छोट्या गाड्यांमध्ये पुढं जे मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन असते त्यात गाडीचं वजन वरून स्ट्रटवरच, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपच्या खांबावरच, येते, खालच्या जॉइंटवर वजन फारसं नसते, त्याचं काम चाकाचं बूड आत धरून ठेवायचं. म्हणून तो सुटला की गाडी फार खाली बसत नाही, चाकाचं बूड बाहेर पळते. ज्या गाड्यांमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते तिथं मात्र जॉइंट वजन पण उचलते, तो सुटला तर गाडी धप्पकन जमिनीवर येते.

याचा खरा शत्रू खड्डा नाही, पाणी आणि माती आहे. रबराच्या टोपीला एक चीर पडली की ग्रीस हळूहळू बाहेर अन् चिखल आत. मग प्रत्येक झटक्याला ती माती सॅण्डपेपरसारखी अस्तर घासते, अस्तर गेलं की गोटी आणि वाटी लोखंडाला लोखंड, त्यात पावसाच्या पाण्याचा गंज, वाटीचं तोंड थोडं थोडं मोठं होत जाते. एका किलोमीटरला शंभर छोटे झटके धरले, आपल्याकडे जास्तच असतील, तरी ८०,००० किलोमीटरमध्ये ८० लाख झटके होतात. टोपी चांगली असेल तर जॉइंट हे आरामात सहन करते. टोपी फाटलेली असेल तर त्यातले शेवटचे काही लाख झटके तो कोरडा, मातीत खाते.

आणि आपलं नागपूर रबरासाठी वाईट जागा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, डांबर पाघळते, गाडीच्या खाली इंजिनची गरमी वेगळी, अन् त्याच्यात रबर कडक होऊन बारीक बारीक तडे जातात. लगेच जूनमध्ये पाऊस, काळी माती चाकाच्या आत जाऊन बसते, वाळली की दगडासारखी, आणि ती कोणी धूत नाही कारण वॉशिंगवाला वरची बॉडी चमकवून देते. उन्हाळ्यात तडा जाते, पावसाळ्यात पाणी शिरते, दिवाळीपर्यंत आवाज सुरू होते आणि संक्रांतीच्या आसपास गाडी टो होऊन येते, माझ्याकडे दरवर्षी साधारण हाच क्रम. त्यात आता सिमेंट रोडमुळे रस्ता गुळगुळीत झाला पण मधातच चेंबरचं झाकण दोन बोटं खाली, बाजूच्या गल्लीत उतरताना सिमेंटची कड अर्धा फूट, लोक ती कड एकाच चाकानं तिरपी उतरवतात. ते एक चाक जवळपास नेहमी डावंच राहते. तुमचं पण डावंच गेलं, याचं मला नवल वाटलं नाही.

आता वीसच्याच स्पीडवर काऊन, ऐंशीवर काऊन नाही? हे सगळ्यांना उलटं वाटते. सरळ रस्त्यावर झिजलेली गोटी पण बऱ्यापैकी आपल्या जागेवर दबून राहते. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की दांडी वाटीच्या काठापर्यंत झुकते, टायर जमिनीवर घासून चाकाच्या बुडाला बाहेर ढकलते, आणि त्याच वेळी गाडी रॅम्पवरून किंवा नालीच्या झाकणावरून उतरली तर आर्म खाली लटकते. झिजून मोठं झालेलं वाटीचं तोंड नेमकं तेव्हाच गोटी सोडते. माझ्याकडे टो होऊन आलेल्या अशा बहुतेक गाड्या गेटमध्ये वळताना, पार्किंगमधून काढताना, यू-टर्न मारतानाच सुटलेल्या. पण याचा अर्थ हायवेवर सुटत नाही असा घेऊ नका, तिथं एखादा जोराचा ब्रेक किंवा चुकवायला मारलेला कट पुरते.

मिस्त्री म्हणते खड्डा, तर ते तपासायची सोपी रीत आहे. खड्ड्याचा मार पहिले टायरला लागते, मग रिंगला, मग बेअरिंग, मग नकल, आणि त्याच्यानंतर बॉल जॉइंट आणि आर्म. इतका मोठा मार की ज्यानं चांगला ठणठणीत जॉइंट एका झटक्यात निघाला, तर रिंगची कड दबलेली पाहिजे, टायरच्या बाजूला फुगा आलेला पाहिजे, नाहीतर आर्म तरी वाकलेला पाहिजे. रिंगवर ओरखडापण नाही आणि जॉइंट निघाला, तर खड्ड्याला दोष देणं बरोबर नाही, खड्डा फार तर शेवटचा धक्का असेल. मिस्त्री खोटं बोलून राहिला असं मी म्हणत नाही, बरेच जण सवयीनंच खड्डा म्हणतात.

याच्याहून पक्का पुरावा म्हणजे तो निघालेला पार्टच. गोटी अख्खी बाहेर आलेली असेल तर ती पहा, चकचकीत गोल असेल आणि वाटीचं तोंड ताजं फाटलेलं असेल तर मार लागला. गोटी चपटी, खडबडीत, तपकिरी झालेली असेल आणि आत ग्रीसच्या जागी चिखलाची भुकटी असेल तर ती वर्षभर झिजून राहिली होती. आणि गोटी आत राहून दांडी मानेतून तुटली असेल तर तुटलेलं तोंड उन्हात धरून पहा. तिथं बहुतेक दोन रंग दिसतील, एक भाग काळपट किंवा गंजलेला, गुळगुळीत, कधीकधी त्याच्यावर लाकडाच्या कापासारख्या बारीक वळ्या, आणि उरलेला भाग राखाडी, दाणेदार, नवा. गंजलेला भाग म्हणजे जुनी चीर, ती महिनोन्महिने आत सरकून राहिली होती, वळ्या म्हणजे ती थांबत थांबत किती पुढं गेली त्याच्या खुणा, आणि दाणेदार भाग त्या दिवशी तुटला. जुना भाग जितका मोठा तितका आजाराचा काळ मोठा. हे वाचायला लॅब लागत नाही, डोळे लागतात. इंजिनिअर लोक याला फटीग म्हणतात, आपण म्हणतो लोखंड थकलं, आणि खरंच लोखंड थकते, तार हातानं दहा वेळा वाकवली की तुटते, तसंच.

अलाइनमेंटचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. गाडी दोन आठवडे आधी रॅम्पवर होती, चाकाला सेन्सर लावले होते, आणि कोणी चाक हलवून पाहिलं नाही. अलाइनमेंटच्या आधी प्ले, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, पाहणं हा कामाचाच भाग आहे, कारण जॉइंटमध्ये प्ले असेल तर कॉम्प्युटरवर जे आकडे येतात ते खोटे असतात, गाडी रॅम्पवरून उतरून पहिल्या ब्रेकरवर गेली की आकडे बदलले. तुम्ही अलाइनमेंट करायला काऊन गेले होते? गाडी एका बाजूला ओढून राहिली होती, का टायर आतून खाल्लं जात होतं? तसं असेल तर तीच वॉर्निंग होती भाऊ, फक्त तिचा इलाज चुकीचा झाला. हे तुम्हाला दोष द्यायला सांगून राहिलो नाही, गाडीवाल्यानं काय काय ओळखायचं, ज्याच्या रॅम्पवर गाडी होती त्यानं पाहायला पाहिजे होतं.

मी हे जोरात बोलून राहिलो कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. धंदा सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका टॅक्सीवाल्या दादाची गाडी आली होती, टोपी फाटलेली मी स्वतः पाहिली, टॉमी, म्हणजे उचकवायची लोखंडी पहार, लावली तर थोडासाच प्ले होता, दादाची नागपूर-अमरावती भाड्याची घाई होती आणि त्याच्याकडे पैसे कमी होते, मी म्हटलं चालेल अजून महिनाभर, आल्यावर करून घेऊ. बारा दिवसांनी कोंढाळीच्या पुढं जॉइंट निघाला. सवाऱ्या वाचल्या, दादाच्या हाताला टाके पडले. त्याच्यानंतर मी आजपर्यंत फाटलेल्या टोपीची गाडी "चालेल" म्हणून सोडली नाही, पैसे नंतर द्या म्हणतो पण पार्ट टाकूनच सोडतो, आणि गाडीवाला ऐकतच नसेल तर बिलावर लाल पेननं लिहून देतो.

आता बाकीची कारणं, कारण जॉइंट नेहमी स्वतःच्याच झिजेनं जाते असं नाही. कधी कधी माणसाच्या हातानं जाते. क्लच प्लेटचं किंवा ड्राइव्ह शाफ्टचं काम करताना बॉल जॉइंट सोडावा लागते, आणि परत बसवताना जुनाच नट लावला जाते. ज्या नटात आतून प्लास्टिकची रिंग असते तो नट एकदाच वापरायचा असते, दुसऱ्यांदा त्याची पकड तशी राहत नाही. काही नटांना ते फिरू नये म्हणून कॉटर पिन असते, ती हरवली तर कोणी तार घालते, कोणी काहीच घालत नाही. आणि अलाइनमेंटवाला टाय रॉडची चेकनट, म्हणजे सेटिंग पक्की धरणारी नट, ढिली करून सेटिंग करते, ती परत नीट कसली नाही तर टाय रॉड आपल्या आट्यांवर खेळत राहते. म्हणून तुम्ही आठवा, मागच्या वर्षभरात पुढच्या बाजूचं कोणतं काम झालं होतं. काही झालं असेल आणि बोल्ट अख्खाच गायब असेल, तर ती झीज नाही.

बुशचं पण तसंच. लोअर आर्म गाडीला जिथं जोडलेला असते तिथले रबर बुश गाडी जमिनीवर उभी असताना, म्हणजे चाकांवर वजन असताना फायनल कसायचे असतात. लिफ्टवर चाकं लटकलेली असताना फुल टाइट केले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहते, आणि जे बुश चार-पाच वर्षं जायचे ते वर्षात फाटतात. बुश फाटले की आर्म पुढं-मागं सरकते, ब्रेक मारताना टक् असा एकच आवाज येते, आणि तो सगळा धक्का बॉल जॉइंटवर.

तुटलेल्या किंवा वाकलेल्या आर्मला वेल्डिंग मारणं, हे तर मला पाहवत नाही. वेल्डिंगच्या गरमीनं बाजूचं लोखंड बदलते आणि पुढची चीर टाक्याच्या बाजूनंच जाते. स्प्रिंगला गॅसनं गरम करून गाडी खाली करणारे पोरं पण येतात, स्प्रिंगचं पाणी, म्हणजे लोखंडाला दिलेली ताकद, उतरलं की ती स्प्रिंग राहत नाही. आणि गाडी उंच करायला वेटोळ्यांच्या मधात रबराचे बफर घालतात, त्यानं दोन वेटोळी जाम होतात, उरलेल्यांना त्यांचं पण काम करावं लागते, आणि बफरखाली माती-पाणी साचून रंग उडते. स्प्रिंग बहुतेक खालच्या पहिल्या वेटोळ्यापाशीच तुटते, जिथं ती वाटीत बसते, कारण तिथं खडे घासून रंग जाते, गंजाचा बारीक खड्डा पडते, आणि चीर तिथूनच सुरू होते. सकाळी गाडी काढली आणि टंग् आवाज आला, रात्री उभी केली तेव्हा ठीक होती, असं म्हणणारे असतात, ते खरंच सांगतात. तुटलेलं टोक टायरला लागलं तर टायर फाटू शकते, म्हणून स्प्रिंग तुटली की "चालते तर आहे" म्हणून चालवायची नाही.

वजनाचं वेगळं सांगतो. संत्र्याच्या सीझनमध्ये काटोलकडून कळमन्याच्या बाजारात येणाऱ्या छोट्या लोडिंग गाड्या माझ्याकडे येतात. कास्तकाराला एका खेपेत माल न्यायचा असते, दीडपट भरतात, आणि दरवर्षी तेच, मागचे पाटे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांची स्प्रिंग, गेले. मेन पाटा डोळ्यापाशी, म्हणजे टोकाच्या गोल भोकापाशी, तुटते, नाहीतर मधल्या सेंटर बोल्टच्या छिद्रातून. कधी पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले राहतात, मग सगळा जोर सेंटर बोल्टवर येऊन तो कापला जाते आणि एक्सल एका बाजूनं मागं सरकते, गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. दोन टप्प्यांत माल आणा म्हणून मी सांगत असतो, डिझेल जास्त लागते पण पाटे, टायर आणि माणूस तिन्ही टिकतात. तुमच्या हॅचबॅकला पण हे लागू आहे, पाच जण आणि डिक्कीत तांदळाची पोती, मग ब्रेकर खट्टकन खाली लागते, तेव्हा शॉकअप पार दबून रबराच्या स्टॉपरवर आदळलेला असते.

तर आता तुम्ही काय करायचं. डावा आर्म पूर्ण नवा टाका, नुसता जॉइंट ठोकून बसवू नका, कारण चाक तिरपं झालं तेव्हा आर्म आणि नकलच्या भोकाला मार बसला असू शकते. ड्राइव्ह शाफ्ट आतल्या बाजूनं ओढला गेला का, ब्रेकचा होज ताणला का, एबीएसची वायर तुटली का, हे तिन्ही पाहायला लावा, हे लोक नेहमी विसरतात. उजव्या बाजूचा आर्म पण त्याच वयाचा आणि तेच रस्ते खाल्लेला आहे, मी असतो तर दोन्ही बदलले असते. पैशाची अडचण असेल तर निदान उजवा नीट तपासून घ्या. तपासायची रीत अशी, की गाडी बॉडीखालून जॅकवर घेऊन खाली स्टँड लावायचा, चाक लटकवायचं, एका माणसानं टॉमीनं आर्म आणि नकलच्या मधात उचकवायचं आणि दुसऱ्यानं जॉइंटवर बोट ठेवायचं. बोटाला टुक् लागलं तर प्ले आहे. चाक वरून-खालून धरून हलवलं तर बेअरिंग आणि बॉल जॉइंट कळते, डावी-उजवीकडून धरून हलवलं तर टाय रॉड. टोपी मोबाइलच्या टॉर्चनं चारी बाजूंनी पहा, चीर नेहमी मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला राहते.

पार्ट कंपनीचाच घ्या किंवा नाव असलेल्या ब्रँडचा, पक्क्या बिलावर. डुप्लिकेट जॉइंटची टोपी पातळ राहते, एका उन्हाळ्यात जाते, आणि सस्पेन्शनमध्ये वाचवलेले पैसे मला तरी कधी वाचलेले दिसले नाहीत. सगळं बसल्यावर गाडी चाकांवर उभी करून बोल्ट टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानं कसणाऱ्या पान्यानं, कसून घ्या, मग परत अलाइनमेंट, आणि दोनशे-तीनशे किलोमीटर शहरात चालवून एकदा परत कसून पाहायला सांगा.

शिर्डीचं म्हणाल तर जा, खुशाल जा. समृद्धी सिमेंटचा आणि सरळ आहे, सस्पेन्शनला तिथं आपल्या गल्लीपेक्षा कमी त्रास होते. शिर्डीपर्यंत साधारण ५२० किलोमीटर आहे, तिथं जास्त पाहायचं ते टायर, त्यांचं वय, हवा, आणि सतत एका स्पीडवर चालवून डोळा लागायची भीती. फक्त निघायच्या आदल्या दिवशी काम करून घेऊ नका, आठ दिवस आधी करा म्हणजे काही ढिलं राहिलं असेल तर इथंच कळेल.

आणि उद्या सकाळी पहिलं काम, मिस्त्रीला फोन करून सांगा की निघालेला आर्म भंगारात टाकू नको. तो घरी आणा, रॉकेलनं धुवा, टोपी पालटून गोटी पहा. चिखलाची भुकटी निघाली तर उजव्या आर्मसाठी तपासणीची पण वाट पाहू नका, सरळ नवाच टाका.